'सैराट पण लीक झालेला, तरी चाललाच ना?'

रीळवाला

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मराठी पिच्चरची टेलिग्राम लिंक आली. पिच्चर शुक्रवारी लागलेला, लिंक रविवारी सकाळी, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, 'धन्यवाद दादा' वगैरे. मी एवढंच लिहिलं की अहो हा आपल्या इथेच थेटरात चालू आहे, तर लगेच उत्तर आलं की सैराट पण लीक झालेला, तरी शंभर कोटी केलेच की. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. म्हणून धागा.

मी साउंड पोस्टमध्ये आहे, म्हणजे डबिंग, फोली (पावलांचे, दारांचे वगैरे आवाज नंतर भरणं), मिक्सिंग. मराठी हिंदी दोन्ही. निर्माता नाही, त्यामुळे माझे पैसे बुडाले म्हणून रडतोय असं कृपया समजू नका, आमचं बिल पिच्चर लागायच्या आधी वसूल करायचं असतं, नाहीतर होत नाही :)

सैराटचं सगळं खरं आहे. २९ एप्रिल २०१६ ला लागला, सेन्सॉरची कॉपी नेटवर फिरली, मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळत होता, आणि तरी १०० कोटींवर गेलेला पहिला मराठी सिनेमा ठरला. पण त्यातून पायरसीने फरक पडत नाही हे कसं निघतं? सैराटला लोक नुसती गोष्ट बघायला जात नव्हते, गाण्यावर खुर्च्यांमध्ये नाचायला जात होते, दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा जात होते, ते काही सहा इंची स्क्रीनवर होत नाही. असा पिच्चर दहा वर्षांत एखादा येतो. त्याच्यावरून बाकी सगळ्यांचा हिशोब कसा लावणार.

बाकीच्यांचं काय होतं ते सांगतो. बजेट दीड-दोन कोटी, ओळखीचा चेहरा एखादाच, गाणं व्हायरल वगैरे काही नाही, पण पिच्चर चांगला. असा पिच्चर चालायचा एकच मार्ग, बघितलेल्याने दुसऱ्याला सांगणं. आता बघा, शुक्रवारी त्याला शो मिळतात सकाळी साडेनऊ नाहीतर दुपारी सव्वाबाराचा. शनिवारी कोणीतरी बघतं, रविवारी ऑफिसच्या, नातेवाईकांच्या ग्रुपवर लिहितं की छान आहे, जरूर बघा. आणि त्या मेसेजच्या खाली कोणीतरी लिंक टाकतं. म्हणजे ज्या माणसाला 'चांगला आहे' हे कळलं, त्याच माणसाला त्याच मिनिटाला फुकट कॉपी मिळाली. सोमवारी हॉलमध्ये सात माणसं, मंगळवारी मॅनेजर म्हणतो शो काढतो, पुढच्या शुक्रवारी हिंदी मोठा येतोय. दुसरा आठवडा लागतच नाही, आणि अशा पिच्चरचा खरा धंदा दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यातच व्हायचा. तर सैराटचं नाव घेऊन याची वकिली करू नका, माझं म्हणणं एवढंच.

---

पेनड्राईव्ह

मी बघतो टेलिग्रामवर. लपवायचं काय त्यात. आम्ही घरात चौघं, तिकीट २२० ने धरा, इंटरव्हलला पोरांनी पॉपकॉर्न मागितलं की संपलं, पेट्रोल पार्किंग वेगळंच, दीड हजार रुपये जातात आणि पिच्चर बंडल निघाला तर परत मिळत नाहीत. शिवाय आमच्या इथे मल्टिप्लेक्सला मराठी पिच्चर सकाळी नऊला लावतात. सकाळी नऊला कोण पिच्चर बघतं? आम्ही पायरसी करतो म्हणून शो जातो का शो असा लावतात म्हणून आम्ही पायरसी करतो, ते आधी ठरवा.

---

अर्धा_कप_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (घरचं, १० रुपयांचं पाकीट.)

---

कृष्णाकाठ

पेनड्राईव्ह भाऊ, तुमच्याकडे नऊचा तरी शो लागतोय. आमच्या तालुक्याला थेटरच नाही. दोन होती, एकाचं मंगल कार्यालय झालं, दुसऱ्याच्या जागी कॉम्प्लेक्स, खाली कपड्याचं शोरूम. आता पिच्चर बघायचा म्हणजे जिल्ह्याला जायचं, जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर, रात्रीचा शो सुटल्यावर यष्टी नाही. मग गावातली पोरं काय करणार, एकाने डाउनलोड करायचा आणि बाकीच्यांनी शेअरिंगच्या ॲपनं घ्यायचा.

सैराटचं म्हणाल तर तेव्हाचं बघितलंय. रिचार्जच्या दुकानात पाटी नव्हती एवढंच, बाकी उघड धंदा, पन्नास रुपयात कार्ड भरून, सोबत सतरा हिंदी गाणी फ्री. पण त्याच वेळी टेम्पो भरभरून लोक थेटराला पण गेले. रहिमतपूरला रात्री १२ चा आणि पहाटे ३ चा शो लावायची वेळ आली होती. कार्डावर बघितलेलीच माणसं परत थेटरात जाऊन बघत होती, आमच्या वाड्यातली म्हातारी माणसं जन्मात पहिल्यांदा गेली. तेव्हा रीळवाले म्हणतात ते बरोबर आहे, सैराट वेगळा. पण थेटर नसलेल्या तालुक्यातल्या माणसाने बुडवलं काय? त्याचं तिकीट तुमच्या हिशोबात कधी होतंच कुठे?

आणि ट्रॅव्हल्सचं कोण बोलत नाही. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या गाडीत परवा लागलेला पिच्चर लावतात, चाळीस माणसं एका झटक्यात. तशीच गावची केबल. लोकल चॅनलवर नवा पिच्चर, खाली पट्टीवर दवाखान्याची आणि बियाणाच्या दुकानाची जाहिरात. तो तर त्यावर पैसे कमावतोय.

---

काळाकोट

कायद्याचं थोडं, कारण या धाग्यांवर नेहमी 'बघणं गुन्हा आहे का' हा प्रश्न येतोच.

मूळ कायदा कॉपीराइट ॲक्ट १९५७, कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि ५० हजार ते २ लाख दंड. त्यावर २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, थेटरात कॅमेरा लावणं आणि चोरीची कॉपी दाखवणं हे स्वतंत्र गुन्हे केले, शिक्षा तीन महिने ते तीन वर्षं, दंड ३ लाखांपासून थेट चित्रपटाच्या ऑडिट केलेल्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. कृष्णाकाठ म्हणतायत ती ट्रॅव्हल्स आणि ती लोकल केबल यात सरळ सरळ येतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने नोडल अधिकारी नेमले, त्यांच्याकडे तक्रार केली की ४८ तासांत लिंक बंद करायची असं ठरवलं.

आपल्या राज्याची गंमत वेगळीच. एमपीडीए माहीत असेल, पेपरात येतं ना 'सराईत गुंड स्थानबद्ध'. १९८१ चा हा कायदा, त्याचं पूर्ण नाव वाचा कधीतरी, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, आणि मग दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, म्हणजे व्हिडिओ पायरेट्स, आणि त्यांच्या शेजारी वाळू तस्कर. पायरसीवाल्याला हातभट्टीवाल्याच्या रांगेत बसवून वर्षभर आत ठेवायची सोय आहे. कागदावर एवढा कडक कायदा आणि प्रत्यक्षात टेलिग्रामवर रोज नवा चॅनल.

कोर्टातून मिळतो तो 'अशोक कुमार' आदेश, म्हणजे नाव माहीत नसलेल्या प्रतिवादीविरुद्ध. पिच्चर लागायच्या आठवड्यात निर्माते घेऊन येतात. मुंबई हायकोर्टात २०१६ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी अख्खी वेबसाइट बंद करा म्हणणाऱ्यांना अडवलं होतं, नेमकी कुठली लिंक ते तपासून आणा म्हणाले. मग २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उलटं टोक पकडलं, साइटचं नाव बदलून नवीन पत्त्यावर आली तरी तोच आदेश लागू, प्रत्येक वेळी नवा दावा नको. दोन्हीमागे तर्क आहे. माझं मत पहिल्या बाजूला थोडं जास्त झुकतं, कारण सरसकट ब्लॉक केलं की निरपराध साइटही आत जातात आणि त्यांची बाजू मांडायला कोर्टात कोणी उभं नसतं.

---

पेनड्राईव्ह

म्हणजे बघणाऱ्याला काय होतं ते सांगितलंच नाही वकीलसाहेब :)

---

काळाकोट

फी भरा, सांगतो. थोडक्यात, कारवाई होते ती रेकॉर्ड करणाऱ्यावर, अपलोड करणाऱ्यावर, विकणाऱ्यावर. घरात बसून बघणाऱ्याच्या मागे पोलिस लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पण ग्रुपवर लिंक टाकणारा हा नुसता बघणारा राहत नाही, हे लक्षात असू द्या.

---

न्यूजर्सीचा_नाना

आमची तऱ्हा वेगळी. मला पैसे द्यायचे आहेत, कोणी घेतच नाही. मराठी पिच्चर इकडे लागला तर एक शनिवार, एक शो, तो पण ४० मैलांवर, आणि त्या दिवशी नेमकं पोराचं स्विमिंग. मंडळाने लावला तर लागला. मग म्हटलं ओटीटीवर येईल तेव्हा बघू. दोन महिन्यांनी येतो, आनंदाने उघडतो तर 'हे तुमच्या देशात उपलब्ध नाही'. वर्षाची वर्गणी भरलेली, मराठीसाठीच भरलेली, आणि मराठीच दिसत नाही! कस्टमर केअरला लिहिलं तर हक्कांचं कारण सांगतात. इकडचे हक्क कोणी विकत घेतले आहेत का, तर तसंही नाही, कोणी घेतलेलेच नाहीत, म्हणून दिसत नाही. मग लोक भारतातला व्हीपीएन लावतात नाहीतर ती स्वस्तातली आयपीटीव्हीची, म्हणजे इंटरनेटवरून टीव्ही दाखवणारी, पेटी घेतात, जिच्यात जगातले सगळे चॅनल आणि सगळे पिच्चर, ग्रोसरीच्या दुकानात काउंटरमागे मिळते. इथल्या अर्ध्या मराठी घरांत ती पेटी असेल. यात कुणाचं नुकसान झालं ते मला अजून कळलेलं नाही, विकायला ठेवलेलंच नव्हतं.

---

गार्गी_पुणेकर

आकड्यांबद्दल. सरकार म्हणतं पायरसीमुळे वर्षाला २०,००० कोटींचं नुकसान, २०२३ च्या दुरुस्तीच्या वेळी मंत्र्यांनी हाच आकडा दिला होता. नंतर २०२४ मध्ये ईवाय (सल्लागार कंपनी) आणि आयएएमएआय (इंटरनेट कंपन्यांची संघटना) यांचा अहवाल आला, त्यात २०२३ सालची पायरसीची उलाढाल २२,४०० कोटी, पैकी १३,७०० कोटी थेटरातल्या पिच्चरचे आणि ८,७०० ओटीटीचे. त्यातच हेही होतं की ५१ टक्के लोक कधी ना कधी चोरीचं बघतात. आकडे छापून येतात आणि आपण मान डोलावतो, पण ते काढतात कसे हा प्रश्न विचारा. किती लोकांनी चोरून बघितलं, गुणिले तिकिटाची किंवा वर्गणीची किंमत. म्हणजे गृहीत काय, तर चोरून बघणारा प्रत्येक जण नाहीतर पैसे भरून गेला असता. कृष्णाकाठ यांच्या तालुक्यातला माणूस आणि नाना, दोघं या बेरजेत आहेत आणि दोघंही खरं तर नसायला हवेत.

उलट बाजूही सांगते, नाहीतर पेनड्राईव्ह खूश होतील. युरोपियन कमिशनने एक मोठा अभ्यास करून घेतला होता, २०१५ ला तयार झाला आणि २०१७ पर्यंत बाहेरच आला नाही, दाबला अशी बोंब झाली. त्यात पुस्तकं, संगीत, गेम्स यांच्या विक्रीवर पायरसीचा ठोस परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष निघाला. अपवाद एकच, नवे, गाजणारे सिनेमे. तिथे चोरून बघितलेल्या दर दहामागे चार कायदेशीर बघणं कमी होतं असं निघालं. आणि अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये दाखवलं की प्रदर्शनाच्या आधी कॉपी फुटली तर, नंतर फुटल्याच्या तुलनेत, कमाई साधारण १९ टक्क्यांनी घटते. थोडक्यात दहाच्या दहा बुडतात हेही खोटं आणि काहीच बुडत नाही हेही खोटं, आणि कॉपी कधी फुटते याला फार महत्त्व. पण ते सगळे अभ्यास तिकडच्या मोठ्या सिनेमांचे, आपल्या दीड कोटीच्या पिच्चरला तेच लागू होईल असं मी म्हणणार नाही.

---

रीळवाला

गार्गीताई, मस्त प्रतिसाद. चार का दहा ते सोडा, ती माणसं कोणत्या आठवड्यात गळतात ते आम्हाला लागतं. पैशाचं सांगतो म्हणजे कळेल.

२०० चं तिकीट. त्यातून १८ टक्के जीएसटी गेला की राहिले १६९. (जीएसटीच्या आधी आपल्या राज्यात मराठी पिच्चरला करमणूक कर माफ होता, हे आता कुणाला आठवत पण नाही.) त्या १६९ चे थेटर आणि वितरक असे भाग. मल्टिप्लेक्सची पद्धत २००९ च्या निर्मात्यांच्या संपानंतर ठरली ती म्हणजे वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग साडेबेचाळीस, मग साडेसदतीस, मग तीस. हे हिंदीचं, मराठीला ज्याची जशी ताकद तसं. म्हणजे चांगल्यात चांगलं धरलं तर ८५ रुपये, त्यातून वितरकाचं कमिशन, पोस्टर-होर्डिंग, प्रोजेक्शनची व्हीपीएफ नावाची फी. निर्मात्याच्या हातात काय येतं ते तुम्हीच काढा.

आता पूर्वी काय व्हायचं, थेटरात पडला तरी सॅटेलाइटचे, म्हणजे टीव्हीच्या हक्कांचे पैसे यायचे. चॅनलवाले घ्यायचे, नंतर ओटीटीवाले घ्यायला लागले. आता दोघंही म्हणतात आधी थेटरात लावा, किती चालतो ते बघून बोलू. म्हणजे त्या दुसऱ्या आठवड्याचे शो गेले की नुसती तिकिटं जात नाहीत, पुढचा सौदा पण जातो. पेनड्राईव्ह साहेबांनी रविवारी लिंकवर बघितल्याने त्यांचे ८५ रुपये बुडाले हा मुद्दाच नाही. सोमवारच्या ऑक्युपन्सीच्या, म्हणजे किती सीट भरल्या त्या कागदावर एक माणूस कमी दिसला, आणि तो कागद पुढे तीन टेबलांवर फिरतो.

मग उरतं सरकारी अनुदान. अ दर्जा ४० लाख, ब दर्जा ३० लाख, ते पण परीक्षण होऊन, फायली फिरून. काही लोक फक्त त्या अनुदानावर डोळा ठेवून पिच्चर काढतात हेही खरं, आणि ते पिच्चर कोणी चोरत पण नाही :) चोरतात तो चांगला.

---

टुरिंगवाले_काका

तुमच्या आधीच्या पिढीची पायरसी सांगतो. ८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. आमच्याकडे रात्रीच्या भाड्याने मिळायचा, टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, वर्गणी काढून आणायचा, अख्खी आळी पहाटेपर्यंत जागी. त्या कॅसेटी कुठल्या ओरिजिनल असायला, दुबईहून आलेल्या, मध्येच अरबी अक्षरं दिसायची. मग व्हिडिओ पार्लर निघाली, बाकावर बसून दोन रुपयात. माझ्या वडिलांचा सिनेमाचा तंबू होता, जत्रेच्या जत्रा करायचे, त्यांचं पहिलं नुकसान त्या व्हिडिओने केलं. तेव्हा पण लोक म्हणायचे चोरी कसली, आम्ही भाडं देतो की.

पण मला दुसरंच बोलायचंय. जुने मराठी पिच्चर. साठ-सत्तर सालचे कितीतरी आज कायदेशीर कुठेच मिळत नाहीत. ना ओटीटीवर, ना डीव्हीडी. निर्माता गेला, मुलांना हक्क आपल्याकडे आहेत का भावाकडे हे माहीत नाही, निगेटिव्ह लॅबमध्ये सडली. आणि मग यूट्यूबवर कोणीतरी दूरदर्शनवरून टेप केलेली, वर सरकणाऱ्या रेघांची कॉपी टाकतो, तीच काय ती शिल्लक. पुण्याला १९६४ पासून फिल्म आर्काइव्ह आहे, मोठं काम आहे त्यांचं, पण जे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही त्याचं काय करणार. पहिला राजा हरिश्चंद्र १९१३ चा, तो सुद्धा पूर्ण उरलेला नाही. २००३ मध्ये पुण्यात आग लागली त्यात जुनी नायट्रेटची रिळं जळाली. अशा वेळी तो रेघांची कॉपी टाकणारा चोर का राखणदार? मी तर त्याचे पाय धरीन.

---

अर्धा_कप_चहा

काका __/\__ तंबूवर वेगळा धागा काढाच, ही विनंती आहे, आग्रह आहे, काय म्हणाल ते.

अवांतर: नाटकांचं पण लिहा कोणीतरी. चालू प्रयोगात मोबाईल वर करून रेकॉर्ड करणारे महाभाग वाढलेत. मागच्या महिन्यात एका नटाने प्रयोग थांबवून 'बंद करा आणि डिलीट करा' म्हटलं तर ते गृहस्थ म्हणे मी फक्त स्टेटसला तीस सेकंद टाकणार होतो. आणि दिवाळी अंक! छापून बाजारात यायला आणि पीडीएफ फिरायला गाठ. तीनशेचा अंक, ज्यात लेखकाला मानधन मिळालं तर मिळालं, तो पण 'वाचनसंस्कृती वाढावी या हेतूने' म्हणून फॉरवर्ड.

---

पेनड्राईव्ह

रीळवाले, एक विचारू? तुमच्या स्टुडिओतली सगळी सॉफ्टवेअर आणि प्लगिन विकत घेतलेली आहेत का?

---

रीळवाला

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. आमच्याकडे आहेत, कारण आता ती मासिक भाड्यावर मिळतात, परवडतात. दहा वर्षांपूर्वी लाख-दीड लाखाचं एकेक प्लगिन होतं तेव्हा या लाईनीतल्या निम्म्या खोल्यांमध्ये क्रॅक चालायचे, मी उघड सांगतो. भाडं परवडायला लागलं तसे क्रॅक कमी झाले. यातून तुमचाच मुद्दा सिद्ध होतो, घ्या.

आणि तो मला पटतोच. २३ सप्टेंबर २०२२ ला नॅशनल सिनेमा डे केला होता, देशभर ७५ रुपये तिकीट, एका दिवसात ६५ लाख लोक गेले. कामाचा शुक्रवार होता तो! मग मंगळवारी मराठीला ९९ ठेवायला काय हरकत आहे, सीट तशीही रिकामीच जाते. पण दर थेटरवाला ठरवतो, आणि त्याचा निम्मा जीव पॉपकॉर्नमध्ये आहे. वेळेचं म्हणाल तर २०१५ मध्ये सरकारने प्राइम टाइमला मराठी सक्तीचं केलं, आठवतं का, केवढा गाजावाजा. नंतर ते दुपारी १२ ते रात्री ९ असं ताणलं. म्हणून सव्वाबारा. नियम पाळला, पिच्चर मेला.

---

गार्गी_पुणेकर

कॉपी फुटते कुठून हे सांगा ना, आतल्या माणसाने.

---

रीळवाला

सांगतो जेवढं सांगण्यासारखं आहे तेवढं.

थेटरात पिच्चर जातो तो डीसीपी म्हणून, म्हणजे थेटरासाठीची खास डिजिटल कॉपी, एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद केलेली. उघडायला केडीएम म्हणजे डिजिटल किल्ली लागते, ती त्या ठराविक मशीनची आणि ठराविक तारखांचीच. त्यामुळे हार्ड डिस्क चोरून काही उपयोग नाही. राहिला कॅमेरा. पण पडद्यावरच्या चित्रात आणि आवाजात डोळ्याला-कानाला न कळणारा वॉटरमार्क असतो, त्यावरून कुठलं थेटर, कुठला शो ते निघतं. तरी कॅम प्रिंट येतात, कारण पकडायला यंत्रणा, पाठपुरावा लागतो आणि छोटा निर्माता तोवर पुढच्या कर्जाच्या मागे असतो.

आधी फुटणारा माल मात्र घरातूनच फुटतो. सेन्सॉरला दिलेली कॉपी, एडिटवरून व्हीएफएक्सला गेलेली, डबिंगला गेलेली, फेस्टिवलची लिंक. २०१६ ला उडता पंजाब लागायच्या दोन दिवस आधी फुटला तेव्हा कोपऱ्यात 'फॉर सेन्सॉर' लिहिलेलं दिसत होतं. त्याच वर्षी जुलैत ग्रेट ग्रँड मस्ती दोन आठवड्यांहून आधी बाहेर आला, त्यांनी तारीख आठवडाभर अलीकडे आणली. २०२१ मध्ये मिमी ३० जुलैला यायचा तो फुटल्यामुळे २६ लाच ओटीटीवर सोडला. आमच्याकडे आता चित्र येतं ते काळं-पांढरं, कमी रिझोल्यूशनचं, मधोमध आमच्या स्टुडिओचं नाव. हिरोईनच्या चेहऱ्यावर आमचं नाव बघत महिनाभर मिक्सिंग करायचं. मशीनला इंटरनेट नाही. मोठ्या कामाला मोबाईल बाहेर ठेवून आत जायचं. छोट्या मराठी पिच्चरला मात्र गुगल ड्राइव्हची लिंक, 'कोणालाही पाठवू नका हं' एवढीच सिक्युरिटी.

आणि आताची सगळ्यात चोख कॉपी ओटीटीवरून उचललेली. तिथे आला की तासाभरात टेलिग्रामवर, फुल एचडी, सबटायटल सकट. त्याला थेटराचा दोष नाही.

अजून एक, फुकट म्हणून बघता ना, त्या कॉपीच्या कोपऱ्यात सट्ट्याच्या ॲपचं नाव सरकत असतं ते नीट बघा. मध्येच एक माणूस ओरडून सांगतो इतके टाका तितके मिळवा. पैसे बुडत नाहीत, फक्त निर्मात्याऐवजी त्याच्याकडे जातात. आणि ते 'पिच्चरचं ॲप' म्हणून एपीके फाइल पाठवतात ती तर चुकूनही टाकू नका फोनमध्ये, बँकेचे ओटीपी वाचायला बसलेली असते.

---

पेनड्राईव्ह

सट्ट्याचं खरंय, पोरगा परवा विचारत होता हे काय आहे म्हणून. त्या चॅनलवरून निघालो तर निघालो. पण तिकिटाच्या मुद्द्यावर मी हटणार नाही. ९९ करा, संध्याकाळी सातला लावा, पहिल्या रांगेत बसतो.

---

कृष्णाकाठ

आमच्याकडे कोपऱ्यातल्या रांगेत पण बसतो, फक्त थेटर द्या. ते फुगवून उभं करायचं फिरतं थेटर जत्रेत आलेलं एकदा, एसी बिसी, चांगलं होतं. रीळवाले, तुमच्या त्या छोट्या पिच्चरवाल्यांना सांगा की आधी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी असं लावून बघा, मग आम्हाला चोर म्हणा.

---

न्यूजर्सीचा_नाना

रीळवाले, माझा प्रश्न राहिलाच. आमचं मंडळ साडेतीनशे कुटुंबांचं आहे. हायस्कूलचा हॉल मिळतो, प्रोजेक्टर चांगला आहे. मार्चमध्ये एखादा नवा मराठी पिच्चर रीतसर पैसे देऊन लावायचा असेल तर विचारायचं कोणाला? मागच्या वर्षी दोन निर्मात्यांना ईमेल केले, उत्तर नाही. आमच्यातलेच काही जण म्हणाले कशाला झंझट, पेटीवर आहे, पेटीच लावू हॉलमध्ये. मी अडवून धरलंय, पण किती दिवस अडवणार.

---

काळाकोट

नाना, पेटी हॉलमध्ये लावलीत की ते सार्वजनिक प्रदर्शन झालं, तिकिटं लावली तर अजून वाईट. तिकडचा कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा जास्त चावतो. नका करू.

---

रीळवाला

नाना, निर्मात्याला ईमेल करून उपयोग नाही, तो बघतच नाही. परदेशचे हक्क बहुतेक वेळा एका वेगळ्याच वितरकाकडे असतात किंवा कुणाकडेच नसतात. नसतील तर एका शोची परवानगी निर्माता देऊ शकतो, एक ठोक रक्कम किंवा तिकिटातला वाटा. मागताना तारीख, सीट किती, तिकीट किती, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा, आणि व्हॉट्सॲप करा. फाइल कशी पाठवायची तेही आधी ठरवा, डीसीपी चालणार नाही तुमच्या प्रोजेक्टरवर, तुमच्या मंडळाचं नाव छापलेली एमपीफोर मागा, म्हणजे त्यालाही भीती नाही. सध्या दोन जण माझ्या ओळखीत आहेत ज्यांचे पिच्चर जानेवारीत लागतायत. नंबर इथे देत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

न्यूजर्सीचा_नाना

मिळाला. आज त्यांची सकाळ झाली की मेसेज टाकतो.